नदीला ‘द’ लागतो

शाळेच्या स्मरणिकेसाठी आठवण लिहून पाठवा असं पत्र आलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सगळ्यात आधी फळा आला. त्यावर खडूने काढलेली एक वळणदार रेघ आणि रेघेच्या अंगाने लिहिलेलं ‘द तापी’. “अमळनेरला ‘द’ नको, धुळ्याला नको, लंडनलाही नको,” आमचे इंग्रजीचे सर सांगत होते, “पण नदीला ‘द’ लागतो. नदीला मान द्यावा लागतो, पोरांनो.”

मी १९८७ साली दहावी झाले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं आणि आठवीपर्यंत त्याची नुसती धास्ती वाटायची. आठवीत सर वर्गावर आले. भूतकाळ शिकवताना डॉक्टर येण्याआधी रोगी मेला होता, हे वाक्य तेव्हा घरोघरच्या व्याकरणात असायचं. सरांना ते अजिबात आवडत नसे. त्यांनी तो रोगी कधी मरू दिला नाही. आमच्या फळ्यावर त्याऐवजी आम्ही स्टँडवर पोचण्याआधी अमळनेर गाडी सुटलेली असायची, किंवा पाहुणे येण्याआधी शेवभाजी संपलेली असायची. आधी घडलेल्या गोष्टीला ‘हॅड’ का लागतो, हे त्या रिकाम्या पातेल्यावरून समजलं ते आजतागायत पक्कं आहे.

सरांचं दुसरं वेड आयर्लंडचं. एम.ए.ला त्यांनी तिकडची नाटकं अभ्यासली होती आणि तो देश त्यांच्या मनात जणू शेजारच्या तालुक्यात होता. शाळा जूनच्या मध्याला उघडायची. १६ जूनला ते हमखास जेम्स जॉइसचं नाव काढायचे. त्याची ‘युलिसिस’ ही जाडजूड कादंबरी १९०४ सालच्या १६ जून या एकाच दिवसाची आहे. “डब्लिन शहरातला एक दिवस, आणि त्यावर शेकडो पानं! तुम्ही अख्ख्या उन्हाळ्याच्या सुट्टीवर दहा ओळी तरी लिहा.” त्या कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात विरामचिन्हं जवळपास नाहीतच, हे कळल्यावर मागच्या बाकावरून लगेच सवलत मागितली गेली. सर खळखळून हसले. “आधी लावायला शिका, मग सोडा.”

पण मला लिहायचंय ते वेगळ्या एका तासाबद्दल. सरांनी मला पुस्तक काढायला सांगितलं. माझ्याकडे पुस्तक नव्हतं. आम्हा तिघी बहिणींत एकच होतं आणि त्या दिवशी ते थोरलीकडे होतं. मी उभी राहिले आणि धीर करून म्हणाले, “सर, नियर मी बुक इज नॉट.” वर्ग फुटला. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “घरी कसं म्हणतेस?”

“मनाजोडे पुस्तक नही.” अहिराणी वर्गात बोलायची नसते, असं आमच्या डोक्यात बसलेलं होतं, त्यामुळे आवाज फुटतच नव्हता.

सरांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले: ता ल्यौर अगम. “ही आयर्लंडची जुनी भाषा. ‘ल्यौर’ म्हणजे पुस्तक, ‘अगम’ म्हणजे माझ्याकडे. इंग्रजीतल्या ‘हॅव’सारखं क्रियापद त्यांच्याकडे नाही. वस्तू माझी नसते, ती माझ्यापाशी असते. बरोबर हिच्यासारखं.” मग म्हणाले, “हिचं वाक्य चुकलं, पण विचार चुकला नाही. हिने अहिराणीचा विचार इंग्रजी शब्दांत घातला. आता आपण ‘हॅव’ शिकू.” त्या तासाला मी ‘आय हॅव’ची दहा वाक्यं न अडखळता म्हटली.

तिथून आम्हाला तो नादच लागला. आयरिश भाषेत ‘हो’ला आणि ‘नाही’ला वेगळा शब्द नाही, प्रश्नातलं क्रियापदच पुन्हा म्हणतात. “आलीस का?” तर “आले.” आपणही बहुतेक वेळा असंच बोलतो की! आणि तिथले लोक इंग्रजी बोलू लागले, तेव्हा स्वतःच्या भाषेचं वळण बरोबर घेऊन गेले. नुकतंच जेवण झालं असेल तर ते म्हणतात, “आय ॲम आफ्टर ईटिंग माय डिनर.” सर म्हणायचे, परीक्षेत हे लिहाल तर मार्क कापीन, पण ऐकायला गोड आहे की नाही?

आयरिश नाटककार जॉन सिंग हा सरांचा सगळ्यात लाडका. विकलोमधल्या एका जुन्या घरात राहत असताना त्याला जमिनीच्या फटीतून खालच्या स्वयंपाकघरातल्या मोलकरणींचं बोलणं ऐकू यायचं आणि नाटक लिहिताना त्या फटीचा आपल्याला मोठा उपयोग झाला, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. हे सांगून झालं की सर थेट आसोद्याला यायचे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांच्या तोंडची गाणी सोपानदेवांनी उतरवून ठेवली म्हणून आपल्याला मिळाली. “घरातलं बोलणं कान देऊन ऐकत जा,” एवढंच म्हणून ते धड्याकडे वळायचे.

एका श्रावणात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले होते, तापी दुथडी भरली होती. वस्त्यांवरची मुलं आली नव्हती, वर्गात आम्ही जेमतेम दहा-बारा जण. सरांनी पुस्तक मिटलं आणि सिंगचं १९०४ सालचं ‘रायडर्स टू द सी’ मराठीत सांगितलं. बेटावरची म्हातारी मोर्या. नवरा, सासरा आणि एकेक करत सहाही मुलगे समुद्र नेतो. एकाचं प्रेत दूर कुठे तरी लागतं. त्याच्या मोज्यावरून बहीण ओळखते, कारण तो तिनेच विणलेला असतो: साठ टाके घातले होते, चार सुटले होते. सर ‘चार सुटले होते’ म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

संध्याकाळी मी ती गोष्ट आईला अहिराणीत सांगितली. ती गोधडी शिवत बसली होती. “मंग त्या मायनं काय व्हयनं?” तिने विचारलं. मी सांगितलं. ती काही बोलली नाही, हातातली गोधडी उलटी केली आणि दिव्याच्या उजेडात आपलेच टाके निरखत राहिली. शाळेतली गोष्ट आमच्या घरात शिरली ती त्या दिवशी.

पुढे मोठ्या शहरातल्या कॉलेजात माझ्या बोलण्याला हसणारे भेटलेच. दुखलं, पण जीभ अडली नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या बॅचने शेतात भरीत ठेवलं होतं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, केळीच्या पानांवर पंगत बसली. सर आले होते. आता काठी लागते, कानही जरा मंद झालेत. वाढायला उशिरा आलेल्या एका मित्राने जवळ जाऊन मोठ्याने विचारलं, “सर, जेवलात का?”

सरांनी पान बाजूला सारलं, वर्गात करायचे तसं बोट वर केलं आणि म्हणाले, “आय ॲम आफ्टर ईटिंग माय डिनर.” आणि आमच्याकडे बघत थांबले.

पन्नाशी ओलांडलेली सगळी पंगत एका सुरात ओरडली, “आय हॅव जस्ट ईटन, सर!”