कॉटखालचं टोपण

पेनाचं टोपण कॉटखाली घरंगळत गेलं म्हणून मी जमिनीवर बसलो. टोपण सापडलं, पण उठता येईना. एक हात कॉटच्या कडेवर, दुसरा गुडघ्यावर, आणि तोंडातून "आई गं". मुलगी शेजारी अभ्यास करत होती. "बाबा, हात देऊ का?" तिनं सहज विचारलं. थट्टा नव्हती, म्हणूनच जास्त लागलं. मी तेव्हा ४४ वर्षांचा होतो.

व्यायाम सुरू करणं मला नवं नव्हतं. त्यात तर माझा हातखंडा होता! तीनदा जिम लावली आणि तीनदा सोडली. दर वेळी पहिल्या दिवशी हौसेनं सगळी मशीनं करून बघायची, मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून यायच्या की जिना कठडा धरून आडवं उतरावं लागायचं. नवीन व्यायामानंतरचं दुखणं एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतं आणि मग आपोआप ओसरतं, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, आपलं शरीरच या कामाचं नाही. मग एक दिवस ऑफिसात उशीर, एक दिवस पाहुणे, आणि चौथ्या आठवड्यात बूट कपाटाच्या तळाशी.

या वेळी मी उलटा विचार केला. माझा सगळ्यात वाईट दिवस कसा असतो? रात्री अकराला घरी, डोकं ठणकतंय, कुणाशी बोलायची इच्छा नाही. अशा दिवशीही मी काय करतो? दात घासतो आणि आंघोळ करतो. मग व्यायाम त्यांनाच बांधायचा. दात घासताना टाचा दहा वेळा वर उचलायच्या. आंघोळीला जाण्याआधी खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठायचं-बसायचं. बस. दोन्ही मिळून दोन मिनिटंसुद्धा होत नव्हती.

खुर्चीबद्दल थोडं सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. चाकांची खुर्ची नको, ती मागे सरकते (मला अनुभव आहे). साधी चार पायांची, पाठ भिंतीला लावून. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची, छाती थोडी पुढे झुकवायची, उठताना श्वास सोडायचा. आणि बसताना धपकन आदळायचं नाही, तीन आकडे मोजत खाली यायचं. पहिल्या दिवशी वर उठणं जमलं, पण सावकाश बसणं जमेना. शेवटच्या वीतभर अंतरात मांड्या हात वर करायच्या आणि मी पोत्यासारखा पडायचो. मग बुडाखाली एक जाड उशी ठेवली. उंची वाढली की काम हलकं होतं. उशी निघायला पाच आठवडे लागले.

महिनाभर आकडा वाढवायचा नाही, असा नियम केला होता. तो पाळणं व्यायामापेक्षा अवघड गेलं. दुसऱ्याच आठवड्यात मन म्हणायला लागलं, "पाच उठबशा? हा काय व्यायाम झाला?" मनगटावरचं घड्याळही रोज दहा हजार पावलांचा तक्ता दाखवून लाज काढायचं. माझी व्हायची तीन-साडेतीन हजार. पुढे वाचलं, की हा दहा हजारांचा आकडा लोकप्रिय झाला तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्रामुळे. त्या यंत्राचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं' असं होतं. घड्याळ ड्रॉवरमध्ये गेलं. चालणं चांगलंच, पण ज्या आकड्यानं मी रोज नापास होणार, तो मला नको होता.

तरी स्वतःची फसवणूक नको म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचना बघितल्या. मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारं काही. मी होतो जेमतेम चौदा मिनिटांवर. पण त्यात एक दिलासा सापडला. पूर्वी सलग किमान दहा मिनिटं केलेलंच धरा, असं म्हटलं जायचं; २०२० च्या सूचनांत ती अट काढून टाकली आहे. म्हणजे माझी दोन मिनिटं थोडी होती, पण खोटी नव्हती.

तिसरी गोष्ट जोडली ती भिंतीवरच्या जोरांची. भिंतीपासून हातभर लांब उभं राहायचं, तळवे टेकवायचे, कोपरं वाकवून छाती भिंतीकडे न्यायची. सोपं. आणि हेच फसलं. मी ठरवलं होतं, "संध्याकाळी घरी आल्यावर". पण घरी येण्याची माझी वेळ कधी सात, कधी दहा. कधी दारातच फोन वाजणार, कधी हातात पिशव्या. महिन्यात आठ-नऊ वेळाच झालं. मग ते ऑफिसचा लॅपटॉप बंद करण्याला बांधलं. झाकण मिटलं की उठायचं आणि मागच्या भिंतीकडे वळायचं. जोर तेच, भिंत फक्त बदलली, आणि आठवडाभरात गाडी रुळावर आली.

सवय पक्की व्हायला किती दिवस लागतात? एकवीस, असं सगळे सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात साधारण ६६ दिवस निघाले, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. व्यायामाला पाणी पिण्यासारख्या सवयींपेक्षा जास्त वेळ लागला. माझंही तसंच. टाचांचं महिन्याभरात अंगवळणी पडलं. एकदा चूळ भरताना लक्षात आलं, की दहा झाल्यासुद्धा. खुर्चीसाठी मात्र तीन महिने स्वतःला आठवण करावी लागली.

सातव्या आठवड्यात मी माती खाल्ली. पाय हलके वाटत होते, सुट्टी होती, अंगात आलं. एका दमात चाळीस बैठका काढल्या आणि वर वीस मिनिटं पळलो. दोन दिवसांनी गुडघ्याच्या वाटीखाली अशी कळ यायला लागली, की जिना बघूनच घाम फुटायचा. फिजिओथेरपिस्टनं गुडघा दाबून बघितला आणि विचारलं, "ताकद वाढल्यासारखं वाटलं ना?" मग समजावलं: पहिल्या काही आठवड्यांत वाढते ती ताकद बरीचशी मज्जासंस्थेची असते, म्हणजे आहेत तेच स्नायू नीट कामाला लावायला ती शिकते. स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा मात्र सावकाश तयार होतात. "तुमचं इंजिन तयार झालं, दोर अजून कच्चे आहेत." पूर्ण बंद करू नका, दुखणार नाही इतकं चालू ठेवा, असं म्हणाले. उशी परत आली. पाचाच्या जागी दोन.

नंतर एकदा तापानं अकरा दिवस गेले. पूर्वीचा मी असतो तर तिथेच प्रकरण संपलं असतं. किंवा बुडालेलं भरून काढायला एका दिवशी पन्नास काढल्या असत्या, ते त्याहून वाईट. या वेळी उठल्यावर तीन काढल्या आणि आंघोळीला गेलो.

आता नऊ महिने झालेत. उशी गेली, खुर्चीही गेली, बुटक्या स्टुलावरून बारा होतात. जोर भिंतीवरून टेबलाच्या कडेवर आले. रात्रीच्या जेवणानंतर वीस-पंचवीस मिनिटं चालणं कधी सुरू झालं ते आठवतही नाही. बहुधा पाय मोकळे करायला निघालो आणि मग चुकवलं की चुकल्यासारखं वाटायला लागलं. वजन म्हणाल तर दोन किलो उतरलं, तेही येऊन-जाऊन असतं. कमरेचा पट्टा त्याच भोकात आहे. फरक दिसतो तो जिन्यात, आणि सकाळी मोजे घालताना, उभ्यानं.

परवा मुलीचं खोडरबर त्याच कॉटखाली गेलं. मी बसलो, काढलं, उठलो. कॉटला हात लावला नाही. गुडघ्यावर एक हात अजून ठेवावा लागतो. तिचं लक्षसुद्धा नव्हतं.