प्रत्येक पायरीशेजारी गुणधर्माचं नाव

३क्ष + ७ = २२ हे समीकरण मला पूर्वीपासून सोडवता येत होतं. ७ उजवीकडे नेला की उणे होतो, मग ३ ने भागायचं, क्ष = ५. पण पलीकडे जाताना ७ चं चिन्ह का बदलतं, हे मला सांगता येत नव्हतं. बीजगणित पुन्हा मुळापासून शिकायला घेतलं तेव्हा मी एक अट घालून घेतली. प्रत्येक पायरी ज्या गुणधर्मामुळे चालते त्याचं नाव तिच्या शेजारी लिहायचं, आणि नाव सापडेपर्यंत पुढची ओळ लिहायची नाही.

त्या साध्या समीकरणाच्या एवढ्या ओळी झाल्या. दोन्ही बाजूंत (−७) मिळवला. डावीकडे (३क्ष + ७) + (−७) आलं. कंस सरकवून ३क्ष + (७ + (−७)) केलं, ते साहचर्य. ७ आणि −७ यांची बेरीज ०, ती विरुद्ध संख्येमुळे. ३क्ष + ० म्हणजे ३क्ष, कारण ० हा बेरजेचा अविकारक. उरलं ३क्ष = १५. मग दोन्ही बाजूंना १/३ ने गुणलं आणि गुणाकारासाठी हेच तीन गुणधर्म पुन्हा त्याच क्रमाने वापरले. म्हणजे ७ कुठे गेलाच नव्हता, तो जागच्या जागी शून्य झाला होता. हे दिसल्यावर पक्षांतर पाठ ठेवायची गरज मला उरली नाही.

क्रमनिरपेक्षता आणि साहचर्य हे दोन गुणधर्म वेगळे ओळखायला मात्र वेळ लागला. अ + ब = ब + अ यात क्रम बदलतो; (अ + ब) + क = अ + (ब + क) यात क्रम तोच राहतो, फक्त कंस हलतो. बेरजेत दोन्ही नेहमी बरोबरच असतात, म्हणून ती एकच गोष्ट वाटत राहते. मला उपयोगी पडली ती सरासरी. दोन संख्यांची सरासरी कोणत्याही क्रमाने काढा, तीच येते. पण २ आणि ४ ची सरासरी ३, आणि ३ व ८ ची ५.५, उलट आधी ४ आणि ८ ची सरासरी ६ काढली, तर २ व ६ ची येते ४. क्रम बदललेला चालतो, कंस हलवलेला चालत नाही. याच्या उलट बाजूला गणितज्ञ विल्यम रोवन हॅमिल्टन यांनी १८४३ मध्ये मांडलेल्या चतुर्दल संख्या (क्वाटर्नियन, म्हणजे चार घटकांनी बनलेल्या संख्या) आहेत: त्यांच्या गुणाकारात साहचर्य टिकतं, क्रमनिरपेक्षता टिकत नाही. एक गुणधर्म दुसऱ्याशिवाय राहू शकतो हे कळल्यावरच मला दोन्ही नीट कळले.

वजाबाकीत तर दोन्ही नाहीत. (८ − ५) − २ = १, पण ८ − (५ − २) = ५. म्हणून मी प्रत्येक वजाबाकी आधी ‘विरुद्ध संख्या मिळवणे’ अशी लिहून घ्यायला लागलो. ८ + (−५) + (−२) असं लिहिलं की पदं हवी तशी फिरवता येतात. लांबलचक पदावल्यांत चिन्हांचा गोंधळ होऊ नये यासाठी याहून चांगली सवय मला माहीत नाही.

पण या सगळ्यात माझं मन सर्वांत जास्त रमलं ते वितरणात, म्हणजे अ × (ब + क) = अ × ब + अ × क यात. बेरीज आणि गुणाकार यांना जोडणारा हा एकच दुवा आहे. ३क्ष + ५क्ष = ८क्ष हे वितरण. ७ × ९८ तोंडी काढताना ७०० − १४ = ६८६ करतो, तेही वितरणच. आणि ऋण गुणिले ऋण धन का, याचं उत्तरही इथेच आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये हा नियम सांगितला. मला तो सिद्ध होताना पाहायचा होता.

आधी अ × ० = ० हे मिळवावं लागतं. ० = ० + ०, म्हणून अ × ० = अ × ० + अ × ०. दोन्ही बाजूंत अ × ० ची विरुद्ध संख्या मिळवली की ० = अ × ० उरतं. आता (−१) × (१ + (−१)) घ्या. कंसात शून्य आहे, म्हणून उत्तर शून्य. वितरणाने तेच −१ + (−१) × (−१) होतं. −१ मध्ये काय मिळवलं की शून्य येतं? १. म्हणून (−१) × (−१) = १. वितरण हवं असेल तर दुसरं उत्तर शक्यच नाही. हे मी कितीतरी वेळा नुसतं आनंदासाठी लिहून काढलं आहे.

शून्याने भागता का येत नाही, हेही याच ओळींतून निघतं. शून्याला गुणाकार व्यस्त असता तर त्या दोघांचा गुणाकार १ आला असता, पण शून्याचा गुणाकार तर नेहमी शून्य. म्हणूनच क्ष² = ५क्ष सोडवताना दोन्ही बाजूंना क्ष ने भागायचं नाही, क्ष शून्य असू शकतो. क्ष(क्ष − ५) = ० असं लिहिलं की ० आणि ५ ही दोन्ही उत्तरं मिळतात.

असमानतांमध्ये चिन्ह उलटण्याचा नियम मी असाच तपासला. −२क्ष < ६ मध्ये दोन्हीकडे २क्ष मिळवा, मग −६ मिळवा: −६ < २क्ष, म्हणजे −३ < क्ष. काहीही न उलटवता उत्तर आलं.

एक प्रश्न शेवटपर्यंत राहिला. वरचे सगळे गुणधर्म परिमेय संख्यांनाही आहेत, मग वास्तव संख्यांचं वेगळेपण कशात? पूर्णतेत: परिमेय संख्यांच्या मधल्या फटी तिथे भरलेल्या असतात, म्हणून क्ष² = २ ला उत्तर मिळतं. गणितज्ञ रिचर्ड डेडेकिंड यांनी १८७२ मध्ये हे काटेकोरपणे मांडलं आणि सोबत म्हटलं की √२ × √३ = √६ सारखी विधानं आपल्या माहितीप्रमाणे तोवर खरोखर सिद्ध झालेली नव्हती. ते वाचून मी लगेच वही काढली. (√२ × √३) × (√२ × √३) लिहिलं, साहचर्य आणि क्रमनिरपेक्षता वापरून √२ शेजारी √२ आणि √३ शेजारी √३ आणले, २ × ३ = ६ आलं. √२ × √३ धन आहे, आणि ज्याचा वर्ग ६ आहे अशी धन संख्या एकच, √६. शेजारी नावं लिहिली. पण हे गुणधर्म अपरिमेय संख्यांनाही लागू आहेत हे मी गृहीत धरलं होतं, आणि डेडेकिंड यांनी सिद्ध करण्याचा मार्ग दाखवला तो नेमका त्याचाच. सध्या मी त्या सिद्धतेतला बेरजेचा भाग ओळीओळीने लिहून काढतो आहे.