ओझूचे सहा रंगीत चित्रपट : पाहणीची नोंद, टप्पा दुसरा

आधी हिशेब. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूच्या सहा रंगीत चित्रपटांपैकी 'हिगानबाना' (1958), 'ओहायो' (1959), 'उकिगुसा' (1959), 'आकिबियोरी' (1960) आणि 'सान्मा नो आजी' (1962) हे पाच दोनदा पाहून झाले, एकदा सलग आणि एकदा थांबत थांबत. 'कोहायागावा-के नो आकी' (1961) सलग झालाय, थांबत पाहायचा बाकी आहे. पहिल्या टप्प्यातल्या कृष्णधवल चित्रपटांच्या तुलनेत इथे वेळ दुप्पट लागतोय. कारण एकच : रंग. ओझूच्या रंगीत चित्रपटात लाल वस्तू कुठे ठेवली आहे हे संवादाइतकंच महत्त्वाचं असतं, आणि पडदा नीट लावलेला नसेल तर ते दिसतच नाही.

म्हणून आधी टीव्ही. रुंद पडद्याच्या जमान्यातही ओझूने 1.37 हे रुंदी-उंचीचं जुनं प्रमाण सोडलं नाही. 1080 ओळींच्या पडद्यावर त्याचं चित्र साधारण 1480 पिक्सेल रुंद येतं आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. त्या राहू द्या. 'झूम' करून पडदा भरला तर वरखालून मिळून जवळजवळ 23 टक्के चित्र जातं, आणि नेमकं तातामीवरचं (जपानी घरातल्या जमिनीवरच्या चटईवरचं) सामान जातं. कडा किंचित कापणारं ओव्हरस्कॅन बंद करा, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, रंगाचा मोड 'व्हिविड'वरून काढून सिनेमाचा किंवा 'वॉर्म' ठेवा. तपासायला 'हिगानबाना'ची श्रेयनामावली उत्तम : मागे चक्क गोणपाटासारखं जाडंभरडं कापड आहे. त्याची वीण धागा न् धागा दिसली पाहिजे आणि त्यावरची लाल अक्षरं कडेला पसरता कामा नयेत. वीण गुळगुळीत दिसली तर प्रत खराब आहे किंवा टीव्हीचं 'नॉइज रिडक्शन' चालू आहे. दुसरी कसोटी 'सान्मा'च्या सुरुवातीची कारखान्याची धुराडी, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. पांढरा पट्टा पिवळट दिसला तर जुन्या, रंग उतरलेल्या प्रतीवरून केलेली आवृत्ती हाती लागली आहे असं समजा.

सहापैकी चार शोचिकू या स्टुडिओचे, 'उकिगुसा' दाईएई स्टुडिओचा, 'कोहायागावा' तोहो स्टुडिओसाठी केलेला. ही सगळी उसनवारी आहे. 'हिगानबाना'साठी नटी फुजिको यामामोतो दाईएईकडून आणली, त्याच्या बदल्यात ओझूने त्यांना 'उकिगुसा' करून दिला. 'आकिबियोरी'साठी नटी योको त्सुकासा तोहोकडून आणली, त्याची फेड 'कोहायागावा'. शेजारणीची साखरेची वाटी परत करावी तसं. पाहणाऱ्याला याचा व्यावहारिक परिणाम असा की हक्क तीन ठिकाणी आहेत आणि पुनरुज्जीवनंही वेगवेगळी झाली आहेत. एका संचातला लाल दुसऱ्या संचातल्या लालशी ताडून निष्कर्ष काढू नका. त्यातही 'उकिगुसा'चं छायाचित्रण काझुओ मियागावाचं, नेहमीच्या युहारू अत्सुताचं नाही. तिथे सावल्या जास्त गडद आहेत आणि तो प्रतीचा दोष नव्हे.

आता ती लाल किटली. 'हिगानबाना' हा ओझूचा पहिला रंगीत चित्रपट, आणि आग्फाची फिल्म त्याने निवडली ती तिच्यातल्या लालसाठी. त्यातल्या हिरायामा कुटुंबाच्या घरात एक लाल मुलाम्याची किटली आहे. एका प्रसंगात चौकट थांबवत पुढे जा आणि प्रत्येक कटला किटली कागदावर टिंबाने मांडा. ती सरकते! कुणी हात लावलेला नसतो, पण कोन बदलला की किटली नव्या चौकटीत जिथे शोभेल तिथे जाऊन बसलेली असते. सातत्याची चूक म्हणून ही नोंद करणं हा नवख्यांचा ठरलेला घोटाळा. ओझू प्रत्येक शॉटसाठी सामान नव्याने मांडून घ्यायचा. टेबलावरच्या ग्लासांतल्या बिअरची पातळीही याच नजरेने पाहा.

मोजणीबद्दल. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'ई' दाबलं की एकेक चौकट पुढे जाते, मागे येता येत नाही; एमपीव्ही या दुसऱ्या प्लेअरमध्ये टिंबाने पुढे आणि स्वल्पविरामाने मागे जाता येतं, म्हणून तेच बरं. कटपासून कटपर्यंतच्या चौकटी मोजून 24 ने भागा : 144 म्हणजे 6 सेकंद. आकडे जमत नसतील तर दोन कारणं असतात. अमेरिकी किंवा जपानी डीव्हीडीत चार चौकटींच्या पाच केलेल्या असतात, तिथे भागाकार 30 ने करावा लागतो. युरोपी डीव्हीडी सेकंदाला 25 चौकटींनी पळते, त्यामुळे 128 मिनिटांचा 'आकिबियोरी' 123 मिनिटांत संपतो आणि नट चिशू र्‍यूचा आवाजही किंचित चढा लागतो. ओझू स्वतः स्टॉपवॉच घेऊन बसायचा, तेव्हा ही मोजामोजी अगदीच अरसिकपणा नाही. माणसं नसलेले मधले शॉट वेगळ्या रकान्यात मांडा : बोळ, वाळत घातलेले कपडे, बारची पाटी. सलग आलेल्या दोन अशा शॉट्समध्ये बरेचदा एक वस्तू सामाईक असते. ती सापडली की पुढचा प्रसंग कुठे घडणार हे आधीच कळतं.

कॅमेऱ्याची उंची हा सगळ्यात जास्त चुकीचा सांगितला जाणारा मुद्दा. 'तातामीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची पातळी' असं सर्रास लिहिलं जातं. मोजून पाहा. पडद्यावर पारदर्शक प्लास्टिक चिकटवा, बोळाच्या शॉटमध्ये दोन्ही बाजूंच्या दारांच्या खालच्या आणि वरच्या कडा मार्करने पुढे वाढवा. त्या मिळतात ती भिंगाची उंची. शेजारच्या सरकत्या दाराची उंची पावणेदोन मीटरच्या आसपास धरली की अंदाज सेंटिमीटरमध्ये येतो, आणि तो बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या बराच खाली येतो. हा मिलनबिंदू चौकटीच्या मध्यापेक्षा खाली पडला तर कॅमेरा किंचित वर झुकलेला आहे. बारमध्ये, ऑफिसमध्ये उंची बदलते. ठरावीक काही असेल तर समोरच्या गोष्टीपेक्षा खाली राहणं. 'झूम' केलेल्या प्रतीवर हे गणित साफ कोसळतं, कारण चौकटीचा मध्य कुठे होता तेच कळत नाही. सहाही चित्रपटांत कॅमेरा जागचा हलत नाही, हा एक दिलासा.

सबटायटलचं प्रकरण मराठी प्रेक्षकाच्या फायद्याचं आहे. इंग्रजी ओळीत नावं येतात किंवा काहीच येत नाही. कान उघडे ठेवले तर 'ओनीसान', 'ओनेसान' ऐकू येतं, म्हणजे सरळ आपले दादा आणि ताई. बायको नवऱ्याला 'अनाता' म्हणते, त्याला इंग्रजीत धड शब्द नाही, आपल्याकडे 'अहो' तयार आहे. समोरच्याचं वाक्य संपताना येणारं 'सोका' किंवा 'सो का ने' हे 'असं होय'. 'हिगानबाना'त बाप बोलता बोलता एकेक कपडा तातामीवर टाकत जातो आणि बायको झालेली किनुयो तानाका ते गोळा करत मागे; त्या वेळचा तिचा स्वर 'अहो'चाच आहे, आणि त्यातला राग खालच्या इंग्रजी ओळीत उतरत नाही. ओळी चित्रावर येऊन वाट्या-ग्लास झाकत असतील तर एमपीव्हीत व्हिडिओ-झूम उणे 0.2 करा आणि उभी मांडणी उणे 1. चित्र सुमारे 87 टक्क्यांवर येऊन वर सरकतं आणि मजकुरी सबटायटल खालच्या पट्टीत उतरतात. डिस्कवरच्या चित्ररूप सबटायटलना हे नेहमी लागू पडत नाही.

नावांचा गोंधळही आधीच निस्तरा. 'हिगानबाना'चा हिरायामा म्हणजे शिन साबुरी, 'आकिबियोरी'चा र्‍यूजी किता, 'सान्मा'चा चिशू र्‍यू. तिघांचा एकमेकांशी संबंध नाही. 2023 च्या 'परफेक्ट डेज'मधला शौचालयं साफ करणारा नायकही हिरायामाच, ते नाव मात्र ओझूच्या आठवणीसाठी मुद्दाम ठेवलेलं.

चित्रपटांबद्दल मत. 'ओहायो'पासून सुरुवात करा : 94 मिनिटं, टीव्हीसाठी मौनव्रत धरलेली दोन पोरं आणि कपाळ दाबलं की पादण्याचा खेळ. 'मोठी माणसं तरी काय, नमस्कार, हवा छान आहे, एवढंच बोलतात' हा पोरांचा आरोप आणि शेवटी फलाटावर दोन प्रेमिकांनी नुसतं ढगांबद्दल बोलत राहणं, ही जोडी पटकथेत किती आधीपासून पेरली आहे ते दुसऱ्या वेळी कळतं. 'उकिगुसा'तलं पावसातलं भांडण (रस्त्याच्या एका बाजूला गांजिरो, दुसऱ्या बाजूला माचिको क्यो, मध्ये धो धो पाऊस) हा सहांतला सगळ्यात उघड संताप. 'आकिबियोरी' मात्र 1949 च्या 'बान्शुन'नंतरच पाहा. तिथे मुलगी झालेली सेत्सुको हारा इथे आई आहे, आणि हे माहीत नसेल तर निम्मा चित्रपट वाया जातो. त्यातले तीन मध्यमवयीन मित्र मात्र जरा जास्तच रेंगाळतात.

'सान्मा नो आजी' म्हणजे सान्माची चव. हा मासा चित्रपटात कुठेच दिसत नाही. बांगडा म्हणून भाषांतर करायचा मोह आवरा. सान्मा लांबुडका, पात्यासारखा, आणि त्याचं नाव लिहिताना शरद, तलवार आणि मासा अशी तीन चिन्हं येतात. 'ॲन ऑटम आफ्टरनून' या इंग्रजी नावात मासा गेला, शरद तेवढा राहिला.

'कोहायागावा'त पात्रं फार आहेत, वंशावळ कागदावर काढल्याशिवाय बसू नका. पण म्हातारा मान्बेई नातवाशी लपाछपी खेळता खेळता कपडे बदलून जुन्या प्रेयसीकडे सटकतो तो प्रसंग, आणि शेवटी नदीकाठी स्मशानाच्या धुराड्याकडे पाहणारे र्‍यू आणि युको मोचिझुकी यांचे शॉट, एवढ्यासाठी थांबत पाहणं आवश्यक आहे. कावळ्यांचे शॉट मोजायचे आहेत. तोशिरो मायुझुमीचं संगीत नेमकं कोणत्या चौकटीवर सुरू होतं तेही टिपायचं आहे.

त्यानंतर तैवानी दिग्दर्शक होऊ शियाओ-शियेनचा 'कॅफे लुमिएर' (2003), ओझूच्या जन्मशताब्दीनिमित्त शोचिकूने करवून घेतलेला. तिथे शॉट इतके लांब आहेत की चौकटी मोजत बसण्यात अर्थ नाही, मिनिटांचाच रकाना आखायला हवा.