ब्रिटनची पेन्शन भारतात राहून घेताना: टीएन नंबरवर अडकलेली वर्षं (माझा अनुभव)

ब्रिटनमध्ये काही वर्षं नोकरी करून जे परत महाराष्ट्रात आले, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तिथली सरकारी पेन्शन अर्ज केल्याशिवाय चालू होत नाही. आणि भारतात राहणाऱ्याच्या हातात पहिल्यांदा जो आकडा पडतो, इथे राहतो तोवर तोच कायम राहतो. म्हणून जी भांडणं भांडायची ती आकडा ठरायच्या आधी. मला भांडावं लागलं ते नॅशनल इन्शुरन्सच्या (एनआय, म्हणजे ज्यावर पेन्शन ठरते ती पगारातून कापली जाणारी सरकारी वर्गणी) नोंदीतून गायब असलेल्या वर्षांसाठी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

पेन्शन गोठते म्हणजे काय, ते आधी नीट समजून घ्या. ब्रिटनमध्ये राहणाऱ्याची पेन्शन दर एप्रिलला वाढते. महागाई, पगारवाढ किंवा अडीच टक्के, यांतलं जे सर्वात जास्त असेल त्या दराने. युरोपीय देशांत, अमेरिकेत, फिलिपिन्समध्ये, अगदी जमैकात राहणाऱ्यालाही वाढ मिळते. भारत, पाकिस्तान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, दक्षिण आफ्रिका इथे राहणाऱ्याला मात्र नाही. नवी पेन्शन पद्धत एप्रिल २०१६ मध्ये आली तेव्हा पूर्ण दर आठवड्याला १५५.६५ पौंड होता. तेव्हा सांगलीत ज्याची पेन्शन त्या दराने चालू झाली त्याला आजही तेवढेच मिळतात. त्याच्याच बरोबरीने राबलेल्या आणि लेस्टरमध्ये राहिलेल्या सहकाऱ्याला २०२५-२६ मध्ये २३०.२५ मिळाले, एप्रिल २०२६ पासून २४१.३०. वर्गणी दोघांच्या पगारातून सारख्याच नियमाने कापली होती. जगभरात सुमारे साडेचार लाख पेन्शनर असे गोठलेले आहेत. दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या ॲनेट कार्सन हा वाद थेट युरोपीय मानवी हक्क न्यायालयात घेऊन गेल्या. मार्च २०१० मध्ये ११ विरुद्ध ६ मतांनी निकाल विरोधात गेला. सरकार कुठल्याही पक्षाचं असो, उत्तर ठरलेलं असतं: खर्च झेपणार नाही, आणि नॅशनल इन्शुरन्स ही काही तुमची वैयक्तिक बचत नाही. मला हे उत्तर मान्य नाही. वर्गणी कापताना म्हातारपणी कुठल्या देशात राहणार असं कुणी विचारलं नव्हतं.

२०२५ मध्ये व्यापार कराराबरोबर भारत-ब्रिटनमध्ये दुहेरी वर्गणी टाळण्याचंही ठरलं, तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की आता पेन्शनही वाढेल. तसं काही नाही. ते कंपनीने तात्पुरतं पाठवलेल्या कर्मचाऱ्यांच्या वर्गणीपुरतं आहे.

नियम थोडक्यात. पूर्ण पेन्शनला ३५ वर्षांची वर्गणी, किमान १० वर्षं. दहाच्या खाली एक पैसाही नाही, आणि भारतातली नोकरी त्यात मोजली जात नाही. वर्ष म्हणजे ६ एप्रिल ते ५ एप्रिल. पूर्ण दराच्या पस्तिसाव्या हिश्श्याने २०२५-२६ मध्ये एका वर्षाची किंमत आठवड्याला साडेसहा पौंडांच्या वर जाते, म्हणजे वर्षाला सुमारे ३४२ पौंड. तेव्हा एक वर्ष गेलं तर जाऊ दे, असं म्हणू नका.

आता मूळ दुखणं. पूर्वी बाहेरून आलेली व्यक्ती नोकरीला लागली आणि तिचा कायमचा एनआय नंबर यायला वेळ लागला, की पगारविभाग तात्पुरता नंबर लावायचा. टीएन ही दोन अक्षरं, मग जन्मतारखेचे सहा आकडे, शेवटी बाईसाठी एफ किंवा पुरुषासाठी एम. खरा नंबर असा नसतो: दोन अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी ए ते डी यांतलं एक अक्षर. खरा नंबर आला की पगारविभागाने तो नोंदवायचा, एवढं साधं काम. मी ज्या रुग्णालयात पहिल्यांदा नर्स म्हणून लागले, तिथल्या पगारविभागाने ते केलं नाही. दर महिन्याला वर्गणी कापली गेली, सरकारकडे जमाही झाली, पण माझ्या नावावर चढली नाही. ऑनलाइन नोंदीत त्या वर्षांपुढे ‘वर्ष पूर्ण नाही’ एवढाच शेरा. हातातल्या पी६० वर (करवर्षाच्या शेवटी मालकाकडून मिळणारा पगार आणि कपातीचा दाखला) मात्र कापलेली रक्कम पेनीसकट छापलेली. दोन पी६० शेजारी ठेवले की घोळ डोळ्यांना दिसतो: नाव तेच, पण एनआय नंबरच्या चौकटीत एकावर टीएन आणि पुढच्या नोकरीच्या कागदावर खरा नंबर.

पगारविभागाला लिहिलं. खऱ्या नंबरावर शोधून उत्तर आलं, या नंबरची कर्मचारी सापडत नाही. सापडणार कशी? नोंद टीएनवर होती. टीएनवर शोधा असं कळवलं, तर म्हणे असा नंबर आमच्या प्रणालीत भरताच येत नाही. मग कळलं की मधल्या काळात रुग्णालय दुसऱ्या संस्थेत विलीन झालं आणि पगाराचं काम बाहेरच्या कंपनीकडे गेलं. शेवटचं उत्तर होतं, जुनं रेकॉर्ड ठेवलेलं नाही. कायद्याने मालकाला पगाराचं रेकॉर्ड ते करवर्ष संपल्यावर तीनच वर्षं ठेवावं लागतं, त्यामुळे यावर बोट ठेवायलाही जागा नाही. चूक त्यांची, पुरावा आणायचा आपण, आणि तोही हजारो मैलांवरून पोस्टाने. तेव्हा माझा सरळ सल्ला: जुन्या मालकाच्या मागे लागून महिने घालवू नका. एकदा लिहा, नकार लेखी घ्या, तो नकारही पुरावा म्हणून जोडा आणि थेट एचएमआरसीच्या (ब्रिटनचं करखातं) नॅशनल इन्शुरन्स विभागाला पत्र पाठवा.

पत्र एक पानाचं पुरतं, पण त्यात तक्ता हवा. करवर्ष, मालकाचं नाव-पत्ता, मालकाचा पीएवायई संदर्भ क्रमांक (पगारातून कर कापणाऱ्या मालकाला मिळालेला नंबर), वर्षाचा एकूण पगार, कापलेली वर्गणी आणि त्या कागदावर कुठला नंबर आहे. पीएवायई क्रमांक पी६० वरच असतो, नोकरी सोडताना मिळणाऱ्या पी४५ वरही असतो. नाव बदललेल्या किंवा विलीन झालेल्या संस्थेचं जुनं खातं त्यावरून शोधता येतं, नुसत्या नावावरून शोधणं अवघड. मागणी एका वाक्यात लिहा: टीएन नंबरवर जमा असलेली वर्गणी माझ्या कायमच्या नंबरवर वर्ग करा. नुसतं ‘माझी वर्षं दिसत नाहीत’ असं लिहिलंत तर ऐच्छिक वर्गणी भरून रिकामी वर्षं कशी भरायची याचं पत्रक येतं, आणि एकदा भरलेल्या वर्षांचे पैसे पुन्हा भरायची पाळी येते. पी६० हरवला असेल तर पगाराच्या चिठ्ठ्या, पगार जमा झाल्याच्या बँकेच्या नोंदी आणि नेमणुकीचं पत्र जोडा. एनएचएसमध्ये (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) नोकरी केलेल्यांना आणखी एक आधार आहे. एनएचएस पेन्शन योजनेकडून सदस्यत्वाच्या तारखांचा तपशील मागवा. पगारविभागाने रेकॉर्ड फेकलं तरी तिथली नोंद राहिलेली असते. माझं काम त्याच कागदाने झालं. वर्षं एकेक करून पूर्ण दिसायला लागली आणि पेन्शनच्या अंदाजाचा आकडा वर सरकला, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

बायकांना नावाची वेगळी अडचण येते. लग्नानंतर आपल्याकडे मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. त्यातून कुणाच्या जुन्या पासपोर्टात आडनावाची जागा कोरी आणि अख्खं नाव एकाच ओळीत. तिकडचा कारकून मग वडिलांचं नाव आडनाव म्हणून टाकतो. विवाह नोंदणीचा दाखला मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. राजपत्रात नाव बदललं असेल तर ते पान, आणि जुन्या-नव्या दोन्ही पासपोर्टांच्या प्रती. मूळ कागद पाठवू नका.

एनएचएसवाल्यांनी ३५ ने भागून हिशेब करू नये. एप्रिल २०१६ पर्यंत आपण सरकारी जादा पेन्शनमधून (मूळ सरकारी पेन्शनवर मिळणारी भर) बाहेर होतो, वर्गणी कमी दराने जात होती, आणि त्याबदल्यात रुग्णालयाची पेन्शन जमत होती. म्हणून नव्या पद्धतीत तोवरच्या वर्षांचा जो सुरुवातीचा आकडा धरतात, तो वजावट करून काढतात. एनएचएसची पेन्शन मात्र भारतात राहिलं तरी दरवर्षी वाढते, तिला गोठवण्याचा नियम नाही.

रिकामी वर्षं खरोखरच रिकामी असतील, तर भारतातून स्वस्तात भरायची सोय पुढच्या वर्षांसाठी आता गेली. आठवड्याला साडेतीन पौंडांची वर्ग २ ची ऐच्छिक वर्गणी परदेशात राहणाऱ्यांसाठी ६ एप्रिल २०२६ पासूनच्या काळाला बंद झाली. वर्ग ३ उरला. तो कित्येक पट महाग आहे आणि नव्याने अर्ज करणाऱ्याला ब्रिटनमधलं दहा वर्षांचं वास्तव्य किंवा वर्गणी दाखवावी लागते. अर्ज सीएफ८३. भरणा करताना पत्रात आलेला १८ आकडी संदर्भ क्रमांक टाकाच, नाहीतर पैसे जातात पण वर्षावर चढत नाहीत.

हे आधीच सांगायला हवं होतं: २०१० पूर्वी तिकडे मुलं वाढवण्यासाठी घरी राहिला असाल आणि चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) तुमच्या नावावर असेल, तर ती वर्षंही तपासा. मे २००० पूर्वीच्या अर्जात एनआय नंबर देणं सक्तीचं नव्हतं, त्यामुळे मुलं वाढवलेल्या वर्षांसाठी पेन्शनच्या हिशेबात मिळणारी सवलत अनेक आयांच्या नोंदीत चढलीच नाही. ही चूक सरकारने मान्य केली आहे. त्यासाठी सीएफ४११ हा फॉर्म आहे, पैसे भरावे लागत नाहीत.

ऑनलाइन ओळख पटत नसेल तर बीआर१९ फॉर्म पोस्टाने पाठवून अंदाज मागवता येतो. हे पेन्शनच्या वयाच्या दोन-तीन वर्षं आधी करा. प्रत्यक्ष अर्ज इंटरनॅशनल पेन्शन सेंटरकडे, वयाला चार महिने उरले की करता येतो. हे वय ६६ वरून ६७ कडे एप्रिल २०२६ पासून टप्प्याटप्प्याने सरकतं आहे, तेव्हा स्वतःची तारीख बघून घ्या. उशीर झाला तर मागची बाकी जास्तीत जास्त बारा महिन्यांची मिळते. पेन्शन पुढे ढकलली तर दर नऊ आठवड्यांना एक टक्का वाढतो खरा, पण भारतात राहून ढकललीत तर मधल्या वर्षांची एप्रिलची वाढ त्यात धरत नाहीत.

बँकेच्या रकान्यात आयबॅन मागतात. भारतात आयबॅन नाही. खाते क्रमांक आणि स्विफ्ट कोड द्या. आपल्या शाखेचा स्वतःचा स्विफ्ट कोड नसेल तर परकीय चलनाचं काम बघणाऱ्या शाखेचा कोड मॅनेजरकडून लिहून घ्या.

पेन्शन चालू झाली की पुढे हयातीच्या दाखल्याचा फॉर्म पोस्टाने येतो. तो साक्षीदाराच्या सहीने मुदतीत परत गेला नाही तर पैसे थांबू शकतात. साक्षीदार ब्रिटनमध्ये राहणारा असावा किंवा त्याच्याकडे कुठला पासपोर्ट असावा, अशी अट नाही. कोणाची सही चालते ते फॉर्मवरच लिहिलेलं असतं. बँकेत गेलात तर तेवढी ओळ दाखवा, कारण शाखेतले लोक त्याला आपला नोव्हेंबरचा जीवन प्रमाणपत्राचा फॉर्म समजून परत पाठवतात. घर बदललं तर पत्ता लगेच कळवा, पत्त्यात सोसायटीचं नाव आणि पिनकोड घाला, आणि परत पाठवताना पोस्टाची पावती जपून ठेवा.