चाळीस लाखांचा रेडर

डिसेंबर २०२०. आयकर विवरणपत्रांची मुदत जानेवारीवर गेली होती, तरी सांगलीतल्या माझ्या ऑफिसात गर्दी होतीच. त्या गर्दीत प्रो कबड्डीतला एक रेडर, म्हणजे चढाईपटू, वडिलांना घेऊन आला. २०१९च्या लिलावात त्याला चाळीस लाख मिळाले होते.

२६-एएस, म्हणजे त्याच्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा, काढला. चार लाख टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर.

"म्हणजे टॅक्स भरून झाला ना, साहेब?"

संघ दहा टक्के कापून बाकीचे खात्यात टाकतो. वरच्या स्लॅबचा दर तीस टक्के. सेससकट कर साडेदहा लाखांवर जात होता. ट्रेनर, फिजिओचा खर्च दाखवता आला असता, पण एकाचंही बिल नव्हतं. साडेसहा लाख भरायचे, वर आगाऊ कर न भरल्याचं दरमहा एक टक्का व्याज. खात्यात एकवीस हजार.

"मग पैसं गेलं कुठं?" वडिलांनी विचारलं. पोरगा गप्प. मी स्टेटमेंट वाचत गेलो. गाडी. बंगला. बहिणीचं लग्न. चुलत्याच्या ढाब्याला नऊ लाख, कागद नाही. बायपासजवळचा प्लॉट, तोही चुलत्याच्या नावावर. "खरेदीच्या दिवशी मी कॅम्पात होतो," तो म्हणाला. पावती एकाच गोष्टीची होती, गावच्या मंडळाला दिलेल्या मॅटची. मंडळाकडे ८०जी, म्हणजे देणगीवर करसवलत मिळवून देणारी मान्यता, नाही.

अशी प्रकरणं निघाली की लोक माइक टायसनचं नाव घेतात. तीस कोटी डॉलरहून जास्त कमावून त्याने २००३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्याने वाघ पाळले होते. आमच्या पोराकडे वाघ नव्हते, चुलते होते. याला उधळपट्टी म्हणायला माझी जीभ वळत नाही. ज्यांनी लहानपणी मैदानावर सोडलं-आणलं, त्यांना नाही म्हणायचं कसं?

खरा घात केला तो २०२०मध्ये करोनामुळे सीझनच न झाल्याने. करार एका हंगामाचा, गाडीचा हप्ता सात वर्षांचा. ऑगस्टपर्यंत हप्ते लांबवायची सवलत होती, व्याज चालूच होतं. त्यात गुडघ्याचं लिगामेंट गेलेलं.

"आधी गाडी विकून टाक," मी म्हणालो. वडिलांनी लगेच मान हलवली, पोराला वेळ लागला. गाडीचं कर्ज फिटून उरलेले आणि आईचे दागिने ठेवून काढलेले असा कर भरला. पुढच्या लिलावात त्याच्यावर कुणी बोली लावली नाही. आता तो तालुक्याच्या शाळेत पोरांना शिकवतो, मानधनावर. विवरणपत्र दरवर्षी वेळेत भरतो.

प्लॉट अजून चुलत्याच्याच नावावर आहे.