वेरूळची गारगोटी, पैठणचा काठ

दगड झिजून त्याचा गाळ कसा होतो हे पाहायचं, तर वेरूळ ते पैठण हा दोन दिवसांचा फेरा वरून खालीच करावा. वेरूळच्या येळगंगा नदीचं पाणी शिवना नदीतून गोदावरीला मिळतं, म्हणजे कड्यावर झिजणारा दगड आणि पैठणला साचलेला गाळ एकाच पाण्याच्या वाटेवर आहेत. आधी पैठण पाहिलं तर गाळ नुसता गाळच दिसतो.

सप्टेंबरअखेर निघालेलं बरं, तेव्हा धबधबा वाहता असतो. वेरूळ मंगळवारी बंद. छत्रपती संभाजीनगरहून ते ३० किलोमीटर.

बहुतेक जण कैलास पाहून परततात, पण झीज पाहायची जागा म्हणजे २९ क्रमांकाच्या लेण्याजवळची सीतेची न्हाणी, म्हणजे तोच धबधबा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक बसले. त्यात कठीण थर टिकतो, खालचा सच्छिद्र थर पाण्याने आधी पोखरला जातो, मग आधार गेलेला वरचा कातळ सांध्यावर, म्हणजे त्यातल्या मूळच्या भेगेवर, तुटून खाली येतो. सह्याद्रीच्या पायऱ्या अशाच झाल्या. कड्यात वाटाण्याएवढ्या पांढऱ्या गाठी दिसतील. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांत नंतर भरलेली ही खनिजं. त्यातल्या गारगोट्या नीट लक्षात ठेवा. इथे हातोडी चालत नाही, दहापट भिंग पुरतं. शेवाळलेल्या दगडावर चप्पल घालून जाऊ नका.

पैठणच्या वाटेवर एखाद्या शेतकऱ्याला विचारून नव्या विहिरीची कड लांबूनच पाहा: वर काळी माती, तिच्यात चुनखडीचे खडे, खाली मुरूम, मग फुटका खडक, तळाशी कातळ. एकच दगड मातीत उतरताना क्रमाने दिसतो. खड्यावर व्हिनेगर टाकलं तर फेस येतो, गारगोटीवर येत नाही. मूठभर माती लिटरभर पाण्याच्या बाटलीत घालून हलवा. वाळू मिनिटभरात बसते, बारीक गाळ काही तासांत, चिकण माती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. नदीही अशीच निवड करते. पाऊस झाला असेल तर काळ्या रानात दुचाकी घालू नका. चिखल मडगार्डमध्ये भरून चाकच अडतं.

पैठणला धरणाखाली नवा गाळ कमी येतो, कारण १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडीच्या जलाशयात तो अडतो. म्हणून पाहायचा तो जुना काठ. तळाशी गोट्यांचा थर आणि वर मातकट गाळ दिसला, तर समजा की एकाच जागी आधी जोराचा प्रवाह होता, पुढे तो मंदावला. गोट्यांत गारगोट्या भरपूर सापडतात: बेसाल्टची, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडाची, माती झाली, पण त्या कठीण म्हणून टिकल्या, फक्त कडा घासून गोल झाल्या. भिंगाखाली वेरूळच्या गाठींशी ताडून पाहा.

काठाच्या कडेला समांतर भेग दिसली की मागे सरका, तो भाग कोसळायच्या बेतात असतो. धरणातून विसर्ग सुरू आहे का, हे गावात विचारल्याशिवाय पात्रात उतरूच नये.