पीजेचा वेग

जामनेरच्या एका जिनिंगवाल्या शेठच्या हॉलमध्ये मी पाचोरा-जामनेर या छोट्या रेल्वेलाइनचं, म्हणजे पीजेचं, मॉडेल मांडून दिलं आहे. रेल्वेची मॉडेलं उभी करायची आणि जुनी चावीची इंजिनं दुरुस्त करायची, हा माझा धंदा. जळगावात यावर पोट भरतं का, असं विचारणाऱ्यांना मी हल्ली उत्तर देत नाही. पीजे २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा निघालीच नाही, म्हणून शेठना ती घरात हवी होती.

५६ किलोमीटरची लाइन १:८७ मापात ६४४ मीटर होते. हॉल अठरा फुटांचा. तेव्हा पाचोरा, शेंदुर्णी, पहूर आणि जामनेर एवढ्यावर भागवलं. खरा ताप रुळांचा. अडीच फुटी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७६२ मिमी; ८७ ने भागलं की पावणेनऊ. एन गेज या मॉडेलच्या मापाचा ९ मिमीचा रूळ जवळपास बसतो, पण त्याचे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, बारीक आणि दाटीवाटीचे. मी ते सगळे काढले, लाकडी पट्ट्यांचे नवे लांबलांब बसवले, आणि गेज हलू नये म्हणून मधूनमधून पीसीबीच्या, म्हणजे तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाच्या, पट्टीवर रूळ डाग देऊन पक्के केले. पट्टीवरचं तांबं मधोमध खरवडायचं, नाहीतर दोन्ही रूळ शॉर्ट. पाचोऱ्याची ब्रॉडगेज मात्र अजून सलते. तिला १९.३ मिमी हवेत, बाजारात मिळतो १६.५ चा, युरोपच्या गेजचा. एवढी मोठी आपली रेल्वे, आणि आपल्या मापाचा रूळ दुकानात नाही!

मे महिन्यात शेठचा फोन आला, गाडी अडतेय. जाऊन पाहिलं तर इंजिनाच्या आसाला सरकी काढलेल्या कापसाचे तंतू गुंडाळलेले. जिनिंगवाल्याच्या घरात दुसरं काय सापडणार? काचेचं झाकण करा म्हटलं होतं, पण "पाहुण्यांना हात लावता आला पाहिजे ना दादा!" चिमट्यानं तंतू काढले, रूळ पुसले, गाडी सोडली. शेठनी लगेच वेगाचं बटण पूर्ण फिरवलं. पहूरच्या वळणावर डबे नुसते झुलले.

त्या दिवशी शेजारचे आबा आले होते. पीजेवरच नोकरी करून निवृत्त झालेले. ते बराच वेळ बघत राहिले. स्लीपरकडे नाही, स्टेशनच्या पाटीकडे नाही, फक्त गाडीकडे. मग म्हणाले, "भाऊ, एवढी पयत नव्हती आपली गाडी. हयू हयू चालाची."

ताशी ३० धरले तर १:८७ ला सेकंदाला साडेनऊ सेंटीमीटर पडतात. मॉडेल पळवणं सोपं, रांगवणं कठीण. इंजिन हलकं, चाकं इवलीशी, रुळावर धुळीचा कण आला तरी वीज तुटते आणि गाडी आचके देते. मी चाकांना पितळी पत्त्या लावून प्रत्येक चाकातून वीज घेतली. मग वेगाच्या कंट्रोलरचं झाकण उघडून आतला बारका प्रीसेट, म्हणजे मर्यादा बांधायचा स्क्रू, फिरवला, म्हणजे बटण कितीही फिरवा, गाडी ३० च्या वर जायची नाही. आबांसमोर शेठनी मान डोलावली. आबा पाचोऱ्यापासून जामनेरपर्यंत गाडीबरोबर कडेकडेनं चालत गेले. शेंदुर्णीला थांबवायला लावली. "आता सुटू द्या," म्हणाले, तेव्हा कुठे मी सोडली.

इतकं नीट बघणारं गिऱ्हाईक मला क्वचितच भेटलं. बाकीचे डबे किती आणि किंमत काय, एवढंच विचारतात. काही जण तर हॉर्नबी या विलायती खेळण्यांच्या कंपनीच्या चावीच्या इंजिनाचा मूळ रंग खरवडून ऑइलपेंट मारून आणतात, आणि वर विचारतात, आता किती येतील?

परवा शेठचा फोन आला. पाहुणे विचारतात, मोटार कमजोर आहे का? वेग पूर्वीसारखा करून द्या.

पैसे त्यांचे, हॉल त्यांचा. प्रीसेट फिरवायला दोन मिनिटं लागतात. आबांची बैठक मात्र आता रोज संध्याकाळी तिथेच असते म्हणे. रविवारी येतो म्हणून सांगितलंय, पण स्क्रूड्रायव्हर न्यायचा की नाही ते ठरत नाही. अर्धं बिलही अजून यायचंय.